चेहऱ्याला मार लागून एका डोळ्याची नजर गेली आहे, ऑपरेशन करावं की थांबावं?

ओंजळ

नमस्कार मंडळी, वेळ कमी आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते.

माझा धाकटा भाऊ परवा संध्याकाळी दुचाकीवरून पडला. हेल्मेट होतं पण समोरून उघडं असतं ना तसलं, त्यामुळे डोकं वाचलं आणि उजवी भुवई न गाल जोरात आपटले. थोडा वेळ शुद्ध नव्हती. डोळा एवढा सुजला की पापणी उघडेना, सगळे म्हणत होते सूज उतरली की दिसेल. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी हलक्या हाताने पापणी वर करून बघितलं तेव्हा कळलं की त्या डोळ्याने समोर हात हलवला तर तेवढं जाणवतंय, बोटं किती ते सांगता येत नाहीये. आणि गंमत बघा (गंमत कसली, पण कळेना मला) डोळा आतून बाहेरून ठीक आहे म्हणतात. पडदा ठीक, रक्त नाही, डोळ्याचं प्रेशर ठीक. फक्त टॉर्चने बाहुल्या तपासल्या त्यात फरक आहे आणि कागदावर ट्रॉमॅटिक ऑप्टिक न्यूरोपथी लिहिलंय, म्हणजे डोळ्याच्या नसेला मार.

सीटी स्कॅनमध्ये गालाचं हाड मोडलंय, डोळ्याच्या खोबणीच्या तळाला तडा आहे, आणि नस जिथून मेंदूकडे जाते त्या हाडाच्या बोगद्यापाशी 'बारीक फ्रॅक्चरची शंका' असं लिहिलंय.

आता प्रश्न असा की एक डॉक्टर म्हणतात नाकातून दुर्बिणीने जाऊन नस मोकळी करू, जे करायचं ते लवकर. दुसरे म्हणतात याचा फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, रोज नजर तपासत थांबू. तिसरे, हाडांचे सर्जन, ते म्हणतात गालाचं हाड तर बसवावं लागेलच. बाबा म्हणतात नुसतं बसून कसं राहायचं, काहीतरी करा. आई रडतेय. भाऊ स्वतः काहीच बोलत नाहीये. उद्या सांगायचंय आम्हाला काय ते.

कोणी यातून गेलंय का? काय विचारू मी डॉक्टरांना?

---

झुळूक

ओंजळ, काळजी वाटणारच. मी आयसीयूत नर्स आहे, डॉक्टर नाही, पण एक गोष्ट आधी विचारते कारण तिला थांबायला वेळ नसतो. डोळा पुढे आल्यासारखा दिसतोय का? खोबण दगडासारखी कडक लागतेय का, डोळा कुठल्याच बाजूला हलत नाही, दुखणं वाढतंय, नजर तासातासाला कमी होतेय, असं काही?

तसं असेल तर डोळ्यामागे रक्त साचून दाब वाढलेला असू शकतो. खोबण हाडाची, तिला फुगायला जागा नाही, मग तो दाब नसेचा न पडद्याचा रक्तपुरवठा बंद करतो. साधारण दीड ते दोन तासांत कायमचं नुकसान व्हायला लागतं. तिथे ओपिनियन घेत बसत नाहीत. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात भूल देऊन छोटा छेद घेतात, खालच्या पापणीचा तिथलाच बंध मोकळा करतात, दाब लगेच उतरतो. पलंगावरच करतात. सीटीसाठीसुद्धा थांबत नाहीत. ऐकायला भयंकर वाटतं पण जखम नंतर नीट भरते, आणि न केल्याची किंमत फार मोठी असते.

तुमच्याकडे प्रेशर ठीक आहे लिहिलंय म्हणजे हे नसावं. पण पहिले काही दिवस मागे पुन्हा रक्त साचू शकतं, म्हणून रात्री जो सोबत बसेल त्याला ही लक्षणं पाठ असू देत.

---

ओंजळ

नाही, डोळा पुढे आलेला नाही, प्रेशर दोनदा बघितलं दोन्हीदा नॉर्मल. सगळ्या बाजूंना हलतो, वर बघताना जरा ओढल्यासारखं वाटतं म्हणतो. थँक्यू झुळूक, रात्री बसणाऱ्या मावसभावाला हे वाचून दाखवते.

---

पाऊलखुणा

ताई, मी यातून गेलोय. मैदानात कोपर बसलं भुवईवर, डाव्या डोळ्याने अंधुक उजेड तेवढा कळत होता. स्कॅनमध्ये हाडाचा कपचा नसेला टेकलेला दिसला. नाकातून ऑपरेशन केलं, ईएनटीवाले आणि न्यूरोसर्जन दोघं होते. बाहेर कुठे टाका नाही. आठवड्याभरात बोटं दिसायला लागली, आता मोठी अक्षरं वाचतो, रंग मात्र फिके दिसतात, लाल रंग विटकरीसारखा दिसतो. मी तर म्हणेन थांबू नका. नस एकदा मेली की मेली.

---

तळटीप

पाऊलखुणा, तुम्हाला दिसायला लागलं याचा खरंच आनंद आहे. पण ओंजळच्या भावाला तुमचा अनुभव लागू पडेल असं मला वाटत नाही. तुमच्या नसेवर हाड टेकलेलं दिसत होतं. त्यांच्याकडे नुसती 'शंका' आहे. शिवाय या प्रकारात बऱ्याच जणांची नजर काहीही न करता थोडीफार सुधारते. म्हणजे ऑपरेशन केलं आणि सुधारलं, यावरून ऑपरेशनमुळे सुधारलं असं ठरवता येत नाही. एकाच माणसाच्या बाबतीत ते कधीच कळत नाही, करून बघितलं नसतं तर काय झालं असतं ते कोणी बघितलेलं नसतं.

यावर एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे, १९९९ साली छापला गेला. १३३ रुग्ण होते. अशा मुक्या माराने एका डोळ्याची नस दुखावलेल्यांपैकी ज्यांचं ऑपरेशन झालं त्यातल्या ३२ टक्के लोकांची नजर तक्त्यावर तीन ओळी किंवा जास्त सुधारली, स्टिरॉइड दिलेल्यांत ५२ टक्के आणि काहीच न केलेल्यांत ५७ टक्के.

---

पाऊलखुणा

म्हणजे ऑपरेशनने वाईट होतं असं म्हणायचंय का तुम्हाला?

---

मृद्गंध

मी डोळ्यांची सर्जन, आता निवृत्त. सविस्तर लिहिते, तुकड्या तुकड्यात वाचलं तरी चालेल.

तळटीप यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते अर्धे वाचले तर दिशाभूल होते. त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, ज्या डॉक्टरला जे योग्य वाटलं ते त्याने केलं. ऑपरेशनच्या गटात आधीच अजिबात उजेड न कळणारे रुग्ण जास्त होते, म्हणजे मुळात वाईट केसेस. आणि काहीच न केलेल्यांच्या गटात माणसं होती अवघी ९. सुरुवातीची नजर हिशोबात धरून तुलना केली तेव्हा तिन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणून निष्कर्ष एवढाच की ऑपरेशन किंवा स्टिरॉइड हा सगळ्यांनी करायलाच हवा असा उपचार म्हणता येत नाही, प्रत्येक रुग्णाचं बघून ठरवावं. पाऊलखुणा यांच्यासारख्या केसमध्ये ऑपरेशन सुचवणारा सर्जन चुकला असं त्यातून निघत नाही.

आता मुळात काय होतं ते. डोळ्याच्या नसेत बारा लाखांच्या आसपास तंतू असतात. खोबणीतून निघून मेंदूकडे जाताना ती हाडाच्या एका बोगद्यातून जाते, बोगदा जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, आणि तिथे नसेचं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. भुवईवर जोरात आपटलं की तो धक्का हाडातून थेट तिथे पोचतो. नस ताणली जाते, तिचे बारीक रक्तवाहिन्यांचे धागे तुटतात, हे नुकसान आपटलं त्या क्षणी झालेलं असतं. त्याला कुठलंही ऑपरेशन पुसू शकत नाही. त्यानंतर दुसरा भाग सुरू होतो, नसेला सूज येते आणि बोगदा काही रुंद होत नाही, बोट सुजल्यावर अंगठी रुतते तसं. बोगद्याचं हाड काढून नस मोकळी करायची कल्पना या दुसऱ्या भागासाठी आहे. आता एखाद्या रुग्णात पहिल्या भागाचं नुकसान किती आणि दुसऱ्याचं किती हे बाहेरून मोजायचं साधन नाही, सगळा वाद तिथेच आहे.

डोळा आतून ठीक दिसतो त्याचं उत्तर पण यातच आहे. मार मागे आहे. डोळ्यात डोकावल्यावर जी नसेची चकती दिसते ती पहिले काही आठवडे चांगली गुलाबी दिसते, फिकटपणा साधारण ३ ते ६ आठवड्यांनी येतो. म्हणून बाहुलीची तपासणी एवढी महत्त्वाची. टॉर्च चांगल्या डोळ्यावरून दुखावलेल्या डोळ्यावर नेला की बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी होते. सुजलेल्या, बेशुद्ध माणसातसुद्धा ही तपासणी होते, रुग्णाला काही सांगावं लागत नाही.

ओंजळ, तुझ्या घरात जो गोंधळ चाललाय त्यात मला एक गोष्ट दिसतेय. तुमच्यापुढे दोन वेगवेगळी ऑपरेशनं आहेत आणि घरातले त्यांना एकच समजतायत. गालाचं हाड बसवणं हे चेहऱ्याच्या ठेवणीसाठी, जबडा नीट उघडावा, डोळा खोबणीत खाली किंवा आत जाऊ नये, एकाचे दोन दिसू नयेत यासाठी. त्याने गेलेली नजर परत येत नाही. नस मोकळी करणं हे नजरेसाठी, आणि त्याची खात्री नाही. कोणीही 'ऑपरेशन' म्हटलं की पहिला प्रश्न हा विचार: हे कशासाठी, हाडासाठी की नजरेसाठी?

---

ओंजळ

मॅडम तुमचे खूप आभार. खरंच आम्ही एकच समजत होतो, म्हणजे बाबा तर म्हणत होते गाल बसवला की दाब निघेल आणि दिसेल. मग गालाच्या हाडाची पण घाई करायची का? की ते थांबू शकतं?

---

मृद्गंध

थांबू शकतं. मोठ्या माणसात गालाचं आणि खोबणीच्या तळाचं हाड साधारण सूज उतरल्यावर, पहिल्या एक-दोन आठवड्यांत बसवतात. तळाचा निम्म्याहून मोठा भाग खचला असेल, किंवा डोळा २ मिलिमीटरहून जास्त आत गेला असेल, किंवा समोर अन् खाली बघताना एकाचे दोन दिसत राहिले तर करायला सांगतात. तडा छोटा असेल तर बऱ्याचदा काहीच लागत नाही.

पण नस नुकतीच दुखावलेली असताना हाड बसवायला ओढाताण करायची का हा वेगळा विचार आहे. खोबणीत काम करताना क्वचित सूज न रक्तस्राव होऊन उरलेली नजर पण जाऊ शकते. म्हणून ज्याची नजर अजून वरखाली होतेय त्याचं हाडाचं ऑपरेशन बरेच जण नजर स्थिर होईपर्यंत पुढे ढकलतात. करायचंच ठरलं तर आधी नजर मोजून कागदावर लिहिलेली हवी, आणि नंतरचे काही तास ठरावीक वेळाने बाहुली न नजर तपासायला हवी. हे लेखी असू दे असं सांगितलं तर कुठल्याही चांगल्या सर्जनला राग येत नाही.

वर बघताना ओढल्यासारखं वाटतं हे नक्की सांग त्यांना. सुजेमुळे असेल, पण तड्यात स्नायू किंवा चरबी अडकलेली नाही ना ते स्कॅनमध्ये बघून घ्यायला हवं.

---

काजवा

मॅडमनी स्नायू अडकण्याचं लिहिलंय त्यावर लहान मुलांच्या पालकांसाठी भर घालतो, धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे पण कोणीतरी शोधत इथे येईल.

माझ्या मुलाला खेळताना गुडघा लागला डोळ्याखाली. डोळा लाल नाही, सूज नाही, काळंनिळं फारसं नाही. पण उलट्या चालू, वर बघायला सांगितलं की ओरडायचा, मलूल पडून. आम्हाला वाटलं डोक्याला लागलंय, तिथेही आधी डोक्याचंच बघत होते. एका ज्युनिअर डॉक्टर मुलीच्या लक्षात आलं की डोळा वर जात नाहीये आणि नाडी पण मंद आहे. मुलांची हाडं लवचिक, खोबणीचा तळ मोडून दारासारखा उघडतो न परत बंद होतो आणि स्नायू त्यात चिमटतो. नाडी मंद होणं न उलट्या त्या चिमट्यामुळेच. हे मात्र एक-दोन आठवडे थांबायचं प्रकरण नाही, एक-दोन दिवसांतच सोडवावं लागतं नाहीतर स्नायू कायमचा खराब होतो. आमचं लगेच झालं. आता डोळा पूर्ण वर जातो.

त्या मुलीचं नाव लिहीत नाही पण आमच्या घरात तिची आठवण रोज निघते.

---

तळटीप

स्टिरॉइडबद्दल कोणीच बोललं नाही. ओंजळ, सलाईनमधून मोठ्या डोसचं स्टिरॉइड सुरू केलंय का? पूर्वी सर्रास द्यायचे. ते पाठीच्या कण्याच्या दुखापतीवरच्या १९९० च्या अभ्यासावरून आलं, डोळ्याच्या नसेला पण लागू पडेल असं धरून चालले. मग २००४ मध्ये डोक्याला मार लागलेल्या १०,००८ लोकांवरचा क्रॅश नावाचा अभ्यास आला. मोठ्या डोसचं मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के लोक दगावले आणि न दिलेल्यांत १७.९ टक्के. म्हणजे औषधाने मृत्यू वाढले. तुमच्या भावाची शुद्ध गेली होती, डोक्यालाही मार आहे, म्हणून हे विचारणं जास्त गरजेचं.

---

झुळूक

तळटीपशी सहमत, एवढंच जोडते की कोणी चालू केलं असेल तर घरच्यांनी स्वतः बंद करा म्हणून भांडू नये, विचारावं की डोक्याच्या दुखापतीचा विचार झालाय का. अचानक बंद करायचे पण नियम असतात.

---

ओंजळ

नाही दिलेलं. कालच्या डॉक्टरांनीच सांगितलं की डोक्याला मार आहे म्हणून देणार नाही. मला तेव्हा वाटलेलं की हे काहीच करत नाहीयेत. आता कळतंय का ते.

उद्या सकाळी तिघा डॉक्टरांना एकत्र भेटायची वेळ मिळालीये. मृद्गंध मॅडम, नस मोकळी करायच्या बाजूने काय असेल तर आम्ही हो म्हणावं? मला टक्केवारी नकोय, मला कळायला हवंय कशाकडे बघायचं.

---

मृद्गंध

बरोबर विचारलंस. ऑपरेशनकडे माझा कल कधी झुकायचा ते सांगते.

आपटल्यानंतर लगेच दिसत होतं आणि मग तासांत-दिवसांत कमी होत गेलं, तर. कारण ज्या क्षणी आपटलं तेव्हा नस पूर्ण गेलेली नव्हती हे नक्की, आणि नंतर झालेलं काहीतरी तिला दाबतंय. ही गोष्ट विचारायला माणूस शुद्धीत हवा, तुझ्या भावाला थोडा वेळ शुद्ध नव्हती, तरी उठल्या उठल्या त्या डोळ्याने काय दिसलं ते आठवतंय का विचार. पापणी सुजायच्या आधीची ती दहा-पंधरा मिनिटं फार मोलाची असतात.

दुसरं, स्कॅनमध्ये हाडाचा तुकडा किंवा साकळलेलं रक्त नसेवर टेकलेलं स्पष्ट दिसतंय. यासाठी बारीक कापांचा, खोबणीचा म्हणून वेगळा काढलेला सीटी लागतो, डोक्याच्या साध्या सीटीत बोगदा नीट दिसत नाही. 'शंका आहे' हा शब्द तसाच राहू देऊ नका. रेडिओलॉजिस्टने सर्जनबरोबर बसून बोट ठेवून दाखवावं की हे इथे दाबतंय किंवा दाबत नाहीये.

आणि उलट बाजू. नजर स्थिर आहे किंवा किंचित का होईना वर सरकतेय आणि दाबणारं काही दिसत नाही, तिथे मी थांबायचे. पहिल्या क्षणापासून उजेडही कळत नाही अशांत ऑपरेशन करूनही फारसं हाती लागत नाही, तरी काहीजण त्यांच्यातही करतात, सर्जन न घरचे मिळून ठरवतात ते, आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही.

धोके पण विचारा. त्या बोगद्याच्या अगदी लगत मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी आहे, जवळच मेंदूभोवतीच्या पाण्याचं आवरण आहे. पाणी नाकातून गळणं, त्यातून मेंदूज्वर, रक्तस्राव, उरलेली नजर जाणं हे सगळं होऊ शकतं. अनुभवी हातात कमी, पण शून्य नाही. म्हणून 'तुम्ही हे स्वतः किती वेळा केलंय' हा प्रश्न उद्धट नाही, जरूर विचारा.

एक अजून. दोन डॉक्टर वेगळं सांगतायत म्हणजे एकाला कमी कळतं असं नाही. हा विषयच असा आहे की चिठ्ठ्या टाकून नीट केलेली ऑपरेशनची चाचणी उपलब्ध नाही, त्यामुळे प्रामाणिक माणसंसुद्धा वेगळं ठरवतात.

---

पाऊलखुणा

मॅडम तुमचं वाचून माझ्या फाईलमधलं पहिल्यांदा कळलं मला काय लिहिलंय ते. माझी नजर पण आधी बरी होती आणि नंतर खाली गेली होती, तसं समरीत लिहिलंय. ओंजळताई, मी 'थांबू नका' सरसकट लिहिलं होतं, ते माझ्यासारखी केस असेल तर असं वाचा.

एक सांगतो, कोणी लिहीत नाही म्हणून. त्या दिवसांत सगळे माझ्याभोवती उभं राहून माझ्याबद्दल बोलायचे, मला कोणी विचारत नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री भूलवाल्या डॉक्टर आल्या आणि म्हणाल्या तुला काय वाटतं, तुला करायचंय का. तेव्हा मी पहिल्यांदा बोललो. भाऊ गप्प आहे लिहिलंय तुम्ही. त्याला विचारा. डोळा त्याचा आहे.

---

नभांगण

वर पाऊलखुणांनी लिहिलंय त्याला शंभर टक्के अनुमोदन.

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या केसमध्ये थांबायचं ठरलं आणि नजर परत आली नाही, उजव्या डोळ्याने सावली दिसते फक्त. थांबल्याचा मला पश्चात्ताप नाही, स्कॅन स्वच्छ होता, पहिल्यापासूनच तेवढंच दिसत होतं, मला तिन्ही डॉक्टरांनी नीट बसून समजावलं होतं. घरच्यांना मात्र फार वर्षं वाटत राहिलं की आपण काही केलं नाही. ऑपरेशन केलं असतं न दिसलं नसतं तर त्यांना असं वाटलं नसतं, हे खरं आहे, पण घरच्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून कोणाच्या कवटीच्या तळाशी ड्रिल फिरवायचं नसतं.

एका डोळ्याने जगणं जमतं. पहिले काही महिने ग्लासात पाणी ओतताना बाहेर सांडायचं, पायऱ्या उतरताना अंदाज चुकायचा, गर्दीत त्या बाजूने कोणी आलं की दचकायचे. मग मान वळवायची सवय लागली, मेंदू सावल्यांवरून, आकारांवरून अंतर ओळखायला शिकतो. मी वाचते, शिवते, कॉम्प्युटरवर काम करते. गाडी चालवायची तर आधी डॉक्टरांना विचारून, सवय झाल्यावरच.

आणि चांगल्या डोळ्याची काळजी. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहजासहजी न फुटणाऱ्या काचांचा चष्मा कायम. हे मला कोणी सुरुवातीला सांगितलं नाही, नंतर कळलं.

---

ओंजळ

अपडेट देते, सगळे वाट बघत असाल.

तिघे डॉक्टर एकत्र बसले. बारीक कापांचा सीटी परत काढला. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं, बोगद्याच्या भिंतीला केसासारखी रेष आहे पण हाड हललेलं नाही, नसेवर काही टेकलेलं नाही, रक्त नाही. भावाला विचारलं, तो म्हणाला पडल्यावर उठून बसलो तेव्हाच उजवीकडे सगळं राखाडी होतं. म्हणजे आधी दिसत होतं न मग गेलं असं नाही.

आणि आज सकाळी त्याने एक हाताच्या अंतरावर बोटं मोजली. दोनदा बरोबर, एकदा चुकला. काल हे जमत नव्हतं.

मग मी त्याला सगळ्यांसमोरच विचारलं की तुला काय वाटतं. तो म्हणाला वर जात असेल तर हात लावू नका, खाली यायला लागलं तर करा. ऑपरेशन सुचवणारे डॉक्टर पण म्हणाले की या स्कॅनवर आणि या सुधारणेवर मीही थांबेन, पण रोज बघायचं, आणि घसरली तर त्याच दिवशी परत बोलायचं. तसं लिहून घेतलंय. गालाचं हाड पुढच्या आठवड्यात, नजर स्थिर राहिली तर, आणि त्याआधी न नंतर नजरेची नोंद. बाबांना अजून पटलेलं नाही पूर्ण, पण स्क्रीनवर त्यांनी स्वतः बघितलं त्यामुळे निदान ऐकतायत.

घरी आल्यावर आम्ही काय तपासायचं?

---

मृद्गंध

फार नीट केलंत. बोटं मोजता येणं ही चांगली खूण आहे, त्याच्या पुढे किती जाईल ते आता सांगता येत नाही, सुधारणा काही आठवडे, कधी काही महिने चालते आणि मग थांबते.

घरी रोज एकाच वेळी, एकाच उजेडात, चांगला डोळा तळहाताने झाकून, दाबायचं नाही. समोर तेच कॅलेंडर, तेवढ्याच अंतरावर. कुठलं अक्षर दिसलं ते लिहा. लाल रंगाची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघून रंग किती फिका वाटतो ते लिहा. दिवसातून दहादा तपासू नका, त्याने त्याचा जीव घाबरा होईल.

नाक शिंकरायचं नाही, अजिबात. खोबणीच्या तळाखाली हवेची पोकळी आहे, जोरात शिंकरलं की हवा तड्यातून खोबणीत शिरते न डोळा फुगतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. विमानप्रवास डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.

लगेच न्यायचं कधी: नजर कमी झाली, डोळा पुढे आला, दुखणं वाढलं, नाकातून पाण्यासारखं गळायला लागलं. आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी डोळा लालभडक होऊन फुगला आणि कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं आवाज यायला लागला तर तेही. डोळ्यामागच्या रोहिणीला छेद गेला असेल तर असं उशिरा होतं, त्यावर उपचार आहे.

दुसऱ्या महिन्यात नसेची चकती फिकट दिसेल असं डॉक्टर म्हणतील, तेव्हा घाबरू नका, ती जुन्या मारामुळे आहे, नवीन काही झालेलं नसतं.

---

काजवा

आणि मॅडम डोळ्याचं प्रेशर वर्षाला तपासायचं सांगा ना, आम्हाला सांगितलंय.

---

मृद्गंध

हो, बरं आठवण केलीस. मुक्या माराने डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) जिथून बाहेर जातं तो आतला कोपरा फाटलेला असू शकतो, आत्ता काही जाणवत नाही पण त्यातून काचबिंदू वर्षानुवर्षांनी येतो. म्हणून ती कोपऱ्याची तपासणी डोळा बरा झाल्यावर एकदा, आणि प्रेशर दरवर्षी कायम. पडद्याची कडा पण बाहुली मोठी करून बघायची, मारानंतर बारीक छिद्र पडून पडदा नंतर सुटू शकतो. चमक दिसली, काळे ठिपके अचानक वाढले, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर थांबायचं नाही. पण दुखावलेल्या डोळ्याला कमी दिसत असल्याने ही लक्षणं त्याला लवकर कळणार नाहीत, म्हणून तपासणी चुकवू नका.

---

ओंजळ

लिहून घेतलं सगळं. भाऊ म्हणतोय नभांगण यांना काही विचारायचं आहे, इथे लॉगिन करू का. मी म्हटलं कर.

---

नभांगण

करू दे की, वाट बघते. त्याला सांग थेट मेसेज केला तरी चालेल.